इसबेलबाय बसली ती जागा

खैरोळची इगर्ज सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर आहे. इगर्ज म्हणजे चर्च. पण इथली ख्रिस्ती माणसं चर्च म्हणत नाहीत आणि कोणी म्हटलंच तर तो परगावचा आहे हे त्यांना कळतं. गावाच्या दोन वाड्या आहेत. भाटवाडी खाली खाडीकडे, टेंबवाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या उंचवट्यावर. माणसं तिथे राहतात, विहिरी तिथे, माड तिथे, सावलीही तिथेच. इगर्ज मात्र दोन्ही वाड्यांपासून तंगडतोड चढ चढल्यावर, जिथे गुरंसुद्धा पावसाळा सोडून फिरकत नाहीत अशा उघड्या कातळावर उभी आहे. पंचवीस माणसं बसतील एवढीच. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, वर कौलं, आत सहा बाकं, आणि इतकी शांतता की बाहेर गवतात टोळ उडाला तरी मान वळते.

पायी भटकायला आलेली शहरातली मंडळी इथे थांबतात, आणि त्यांतला सर्वांत उंच माणूस दाराच्या चौकटीवर कपाळ आपटतो. किल्ली सांभाळणारे आंतोनबाब तेवढ्याचीच वाट बघत असतात. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. "लागला? लागतलाच," ते समाधानाने म्हणतात आणि पाहुण्याला बाकावर बसवतात. माणूस कपाळ चोळू लागला की दोन प्रश्न आपसूक येतात. इगर्ज एवढ्या लांब का, आणि एवढी बुटकी का? मग आंतोनबाब पाय पसरून गोष्ट सांगतात. 'म्हणे' हा शब्द ते सोडत नाहीत. आपण पाहिलेलं नाही ते शपथेवर सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे. पण गोष्ट खोटी असेल तर ही इगर्ज इथे कशी आली, हे दुसऱ्या कोणी सांगून दाखवावं, असंही ते वर म्हणतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, खैरोळला इगर्ज नव्हती. व्हाळाच्या काठी वडाखाली एक लाकडी कुरीस होता, म्हणजे क्रूस, आणि तेवढ्यावर गावाचं भागत होतं. मिस्सेच्या प्रार्थनेला जायचं तर दोन कोस चालायचं, होडीने खाडी ओलांडायची, आणि पलीकडच्या मोठ्या इगर्जीत पोचावं तर पाद्र्याचं अर्धं प्रवचन उरकलेलं. आपली इगर्ज बांधावी हे दोन्ही वाड्यांना पटलेलं होतं. कुठे बांधावी एवढंच पटत नव्हतं. भाटवाडीचा पुढारी जुजे म्हणायचा, आमच्या वाडीत. टेंबवाडीचा मिंगेल म्हणायचा, आमच्या वाडीत. दर वर्षी बैठक बसायची आणि दर वर्षी अशी मोडायची, की पुढचे दोन महिने एका वाडीची कोंबडी चुकून दुसऱ्या वाडीत गेली तर ती परत येत नसे.

दोन्ही वाड्यांच्या मधोमध, व्हाळाला लागून, बस्त्यांवचं घर होतं. जेवणावळीच्या वेळी दोन्ही वाड्या त्याला दुसऱ्या वाडीचा समजत, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी दोन्ही वाड्यांना तो आपला वाटे. कारण गाऱ्हाणं घालावं तर बस्त्यांवनेच. आसपासच्या गावांत देवळापुढे घालतात, तसंच हे लोक कुरसापुढे गाऱ्हाणं घालत आले होते. एकाने गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, पाऊस मागायचा, रोगराई घालवायची, परदेशी बोटींवर गेलेल्यांना सांभाळ म्हणायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." बस्त्यांवचा आवाज भरदार, दम लांब, आणि देवाशी बोलताना तो जुन्या ओळखीच्या सावकाराशी बोलावं तसा आर्जवाने पण मान न झुकवता बोलायचा. तीस वर्षं तो हे काम करत होता.

तीस वर्षांत त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. कोणी ऐकत नाही. फेस्ताच्या दिवशी, म्हणजे कुरसाच्या सणाला, वडाखाली गाऱ्हाणं चालू असताना पलीकडे चुलीवर वडे तळले जात असत आणि सगळ्या गावाचं लक्ष त्या कढईत. एका वर्षी बायकोने बाजारातून आणायला सांगितलेली यादी बस्त्यांवच्या डोक्यात घोळत होती, आणि पावसापाण्याचं मागून झाल्यावर तीच तोंडातून बाहेर पडली. खोबरेल तेल, सुकी सुंगटं, चार हात काथ्याची दोरी. "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. बस्त्यांव दचकला, पण दुसरं कोणी दचकलं नाही.

त्याची ही बायको इसबेल. दिसायला किरकोळ, पण जिभेला धार अशी की जुजे आणि मिंगेल दोघेही तिच्या अंगणावरून जाताना आवाज खाली करत. तीस वर्षं एकही रविवार न चुकवता ती खाडीपलीकडे मिस्सेला गेली होती. मग वाताने तिचे पाय धरले. सुरुवातीला काठी आली, मग भिंतीचा आधार, आणि शेवटी ती पडवीतल्या बाकड्यावर बसली ती बसलीच. दोन वर्षं झाली. रविवारी सकाळी माणसं दारावरून मिस्सेला निघाली की ती तोंड फिरवून तांदूळ निवडू लागे, आणि तांदळात खडा नसला तरी निवडत राही. बस्त्यांवला ते बघवत नसे.

एकदा ती म्हणाली होती, "माका एक मिस्सा आपल्या गावात आयकूची आसा. मगे मी मोकळी." पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. पण बस्त्यांवच्या मनातून ते वाक्य जाईना. तीस वर्षं आपण अख्ख्या गावासाठी मागत आलो, कोणाच्या म्हशीसाठी, कोणाच्या जावयासाठी. हिच्यासाठी एकदाही काही मागितलं नाही, याची त्याला लाज वाटू लागली.

त्या वर्षीच्या फेस्ताला, म्हणे, वडे जरा जास्तच खमंग तळले जात होते. बस्त्यांवने पाऊस मागितला, गुरांचं मागितलं, बोटींवरच्या मुलग्यांचं मागितलं. गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होतं आणि कढईकडे बघत होतं. मग त्याने घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या खैरोळात इतकी वर्सां इगर्ज होयना, ती आता होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ती खय व्हयी, तां आमका ठरवूक जमना. म्हणान ह्या बस्त्यांवाची बायल इसबेल, दोन वर्सां बसान आसा ती, आपल्या पायान चलान जय जावन बसतली, थयच ती होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जुजे म्हणाला, मिंगेल म्हणाला, सगळं गाव म्हणालं, आणि पानं मांडायला उठलं.

बस्त्यांवचा बेत साधा होता. बायकोला बाकड्यावरून उठवायचं, तीन पावलं चालवायचं आणि आपल्याच अंगणात बसवायचं. घर दोन्ही वाड्यांच्या मधे, त्यामुळे कोणाला फार बोलता येणार नाही, आणि तिला पडवीतून उतरलं की इगर्ज. हे सगळं तो पुढे केव्हातरी, गाव शांत असताना, हळूच उघड करणार होता. पण एक माणूस त्याने धरला नव्हता. खाडीपलीकडचा पाद्री त्या वर्षी नवा होता, घाटावरचा होता, आणि त्याला इथली रीत माहीत नसल्यामुळे त्याने गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं.

"चांगलं केलंत," पहिला वडा मोडत पाद्री म्हणाला. "इतकी वर्षं अडलेलं काम, एका वाक्यात सोडवलंत."

"खयचा काम?" जुजेने विचारलं.

पाद्र्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं: इसबेल आपल्या पायाने चालत जिथे जाऊन बसेल, तिथे इगर्ज. कोणीतरी बस्त्यांवकडे बघितलं, तो पानातल्या मिठाकडे बघत होता.

"पण पाद्रीबाब," मिंगेल म्हणाला, "तां आमी दरवर्सा म्हणतोंव. आयकान थोडेच म्हणतोंव?"

"मग देवाला तसं सांगा," पाद्री म्हणाला आणि दुसरा वडा घेतला.

तेवढी छाती कोणाची नव्हती. पूर्वी एकाने कुरसापुढे कबूल केलेल्या मेणबत्त्या दिल्या नाहीत, तर त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं असं सांगत. खाडीकाठची विहीर, ती मुळातच मचूळ होती. पण खात्री कोण करून बघणार? शब्द दिला तो दिला. पुढच्या रविवारी इसबेलने चालायचं, आणि पाद्र्याने साक्षीला यायचं, असं ठरलं.

बस्त्यांव द्रोणात वडे घेऊन घरी गेला. आनंदाची बातमी आणल्यासारखा चेहरा करून त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने द्रोणाला हात लावला नाही.

"गावान आयकल्यान?" तिने विचारलं.

"गाव खय आयकता?"

"तीस वर्सां तुमच्यार विश्वास ठेवन माणसां डोळे मिटान व्हय म्हणतत. आणि तुमी तेंचो व्हय चोरलास."

"तुझ्यासाठी गो."

"माका मिस्सा व्हयी होती," इसबेल म्हणाली. "चोरलेली नको होती."

त्यानंतर आठ दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. बाकी सगळ्यांशी बोलली, कारण बाकी सगळे येतच होते. जुजेने बांगड्याचं तिकलं पाठवलं आणि भाटवाडीची वाट किती सपाट आहे ते सांगितलं. मिंगेलने कापा फणस पाठवला आणि टेंबवाडीचा वारा पायांना किती चांगला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाटवाडीहून शहाळी आली, तिसऱ्या दिवशी टेंबवाडीहून कोंबडी. इसबेल सगळं खात होती, चवीबद्दल मोकळेपणाने मत देत होती, आणि कुठे बसणार हे मात्र सांगत नव्हती. बस्त्यांव कोपऱ्यात बसून हे बघत होता. ती उठलीच नाही तर? कुरसापुढचा शब्द मोडला, इगर्ज कायमची गेली, तिची मिस्साही गेली, आणि हे सगळं आपल्यामुळे. किंवा ती उठली आणि सगळ्यांपुढे म्हणाली, ह्या माणसाने तुम्हाला फसवलं, तर? यांतलं वाईट कुठलं हेही त्याला ठरवता येईना.

रविवारी सकाळी दोन्ही वाड्या अंगणाबाहेर जमल्या. डाव्या हाताला भाटवाडी, उजव्या हाताला टेंबवाडी, मधे छत्री घेतलेला पाद्री. बस्त्यांवने अंगणात, बरोबर तीन पावलांवर, एक स्टूल आणून ठेवलं होतं. न जाणो, तिचा राग ऐन वेळी निवळला तर.

इसबेलने पडवीचा खांब धरला आणि ती उठली. एवढ्यानेच बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. मग एक पाऊल, दुसरं, तिसरं. स्टुलापाशी ती थांबली. तिने काठीने ते स्टूल बाजूला सारलं आणि ती अंगणाबाहेर पडली.

डावीकडे वळली नाही, उजवीकडे वळली नाही. समोरची, सड्याकडे चढत जाणारी पायवाट तिने धरली. गाव क्षणभर जागच्या जागी उभं राहिलं आणि मग तिच्या मागे निघालं. बस्त्यांव स्टूल उचलून सर्वांत पुढे. दर वीस पावलांवर ती दमून उभी राही, तो धावत जाऊन स्टूल मागे ठेवी, आणि ज्याची जागा असेल तो पुढे होऊन तिला पुढची वाट दाखवी. एकदा ती मिंगेलच्या गायरीपाशी, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यापाशी, चांगलीच रेंगाळली. आठ दिवस कोंबड्या पाठवणारा मिंगेल हात जोडून म्हणाला, "इसबेलबाय, हय नको गो. माझा खत खय टाकू?" एकदा जुजेच्या काजूंत थांबली, तेव्हा जुजेने तिला स्वतः पाणी पाजून पुढे मार्गी लावलं. हळूहळू असं झालं, म्हणे, की आपल्या वाडीत बस म्हणणारा कोणी उरला नाही आणि माझ्या जमिनीत बसू नको म्हणणारेच सगळे झाले.

सकाळी निघालेली ती, दुपारी सड्यावर पोचली. चेहरा लाल, पाय थरथरत होते. दोनदा बस्त्यांवने हात पुढे केला होता आणि दोनदा तिने तो काठीने बाजूला केला होता. वर सावली नाही, पाणी नाही, कोणाचं शेत नाही, कोणाचा बांध नाही. कातळच कातळ आणि लांब खाली खाडी. या जागेसाठी भांडायचं कोणाच्या कधी मनातही आलं नव्हतं. बस्त्यांवने स्टूल ठेवलं. ती स्टुलावर न बसता तापलेल्या कातळावर बसली.

"हय," ती म्हणाली.

"हय कोण येतलो?" जुजे घाम पुसत म्हणाला.

"मी इलंय मां?" इसबेल म्हणाली.

इसबेलने दम खाल्ला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. बस्त्यांवला वाटलं, आता. आता ही सांगणार. त्याने डोळे मिटले.

"फेस्ताक तुमी व्हय म्हटलास, तां धरू नकात," ती म्हणाली. "तेवा वडे शिजत होते. आता माझा आयका. इगर्ज हय होवंदे. ना भाटवाडीची, ना टेंबवाडीची. चिरे हय कापूचे, पाणी खालसून आणूचा, चढ सगळ्यांका सारखो. आता व्हयां तर व्हय म्हणा, नको तर नाय म्हणा. पण आयकान म्हणा."

आणि खैरोळच्या इतिहासात पहिल्यांदाच, म्हणे, गाव लगेच काही बोललं नाही. जुजेने खाली भाटवाडीकडे बघितलं, मिंगेलने टेंबवाडीकडे बघितलं. माणसांनी एकमेकांना हळू आवाजात विचारून घेतलं. पाणी खालून म्हणजे नक्की कुठून? पावसाळ्यात काय करायचं? विचार चालू असेपर्यंत वर एक घार दोन फेऱ्या मारून गेली. मग जुजे म्हणाला, मिंगेल म्हणाला, आणि पाठोपाठ सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा."

बस्त्यांव मटकन बसला. ते स्टूल शेवटी त्याच्याच कामी आलं. जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "राग गेलो गो?"

"घराक गेल्यार बघतंय," इसबेल म्हणाली. आठ दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती, एवढं त्याला पुरलं.

इगर्ज एका वर्षात उभी राहिली. इसबेलला रोज खुर्चीत बसवून वर नेत, एक दिवस भाटवाडी, एक दिवस टेंबवाडी, आणि आपल्या पाळीला तिला गचका बसू नये म्हणून दोन्ही वाड्या जिवापाड जपत. ती कातळावर छत्री धरून बसे आणि कामावर नजर ठेवी. भिंती तिने बसल्या जागेवरून वर केलेल्या काठीएवढ्या झाल्या तेव्हा ती म्हणाली, "पुरे. घाला छप्पर. माका येळ नाय." तिचा चेहरा बघून गावालाही वाटलं, खरंच हिला वेळ नाही. म्हणून घाईघाईने चौकट बसवली, वासे टाकले, आणि पाद्र्याने वाकून आत जाऊन पहिली मिस्सा म्हटली. इसबेल पहिल्या बाकावर बसून रडली. बस्त्यांव तिच्या मागच्या बाकावर बसून रडला.

त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. भिंती उंच करता आल्या असत्या असं दोन्ही वाड्या पुढे बरीच वर्षं कपाळ चोळत म्हणत राहिल्या, पण तिच्या तोंडावर कोणी म्हटलं नाही. बस्त्यांव मात्र आठव्या वर्षी गेला. तोवर आपला राग गेला की नाही हे इसबेलने त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नव्हतं.

तो गेल्याला महिना झाला त्या दिवशी मिस्सेनंतर गाऱ्हाणं होतं. आता ते मिंगेल घालत असे. गावाची सवयही बदलली होती. वाक्य झालं की सगळे थांबत, काय बोलला ते मनात घोळवत, कोणाला शंका असली तर तो विचारून घेई, आणि मगच होकार देत. पाहुण्यांना हे फार लांबल्यासारखं वाटे.

"बा देवा म्हाराजा," मिंगेल म्हणाला, "आमच्या बस्त्यांवाक तुझ्यापाशी जागा दी रे म्हाराजा."

गाव थांबलं, आणि म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"तेच्या हातान, तेच्या तोंडान जी काय लबाडी झाली आसात, ती सगळी माफ कर रे म्हाराजा."

गाव थांबलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठी आपटली.

"सगळी नको," इसबेल म्हणाली.

मिंगेल गोंधळला. "म्हणजे काय गो?"

"एक लबाडी तेनी माझ्यासाठी केल्यानी. ती माफ करूची नाय. माफ केल्यार ती पुसान जायत." तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "ती माझी आसा. ती तशीच ऱ्हवांदे."

कोणती लबाडी, असं कोणी विचारलं नाही. सगळे त्या लबाडीच्या आतच बसले होते. गावाने नीट ऐकून घेतलं, हवा तेवढा वेळ घेतला, आणि मग एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आजही कुरसाच्या फेस्ताला खैरोळची माणसं दोन्ही वाड्यांतून चढून सड्यावर येतात आणि वाकून आत शिरतात. आजही प्रत्येक वाक्यानंतर थांबून, विचार करून होकार देतात, त्यामुळे गाऱ्हाण्याला दुपार होते आणि वडे गार होतात. शेवटचं मागणं ठरलेलं आहे. गाऱ्हाणं घालणारा म्हणतो, "आमच्या सगळ्या लबाड्या माफ कर रे म्हाराजा, एक सोडून." आंतोनबाब सांगतात, या वाक्यानंतर गाव सर्वांत जास्त वेळ थांबतं. बायका नवऱ्यांकडे बघतात, नवरे वर कौलांकडे बघतात. मग सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा."